किराया किती देता? सुभाषनगरातील एका जपानी शिक्षिकेचे प्रकरण

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या जपानी भाषेच्या वर्गातील जपानी शिक्षिकेने माझ्या हाती एका पानाचे पत्र दिले. घर बदलून मिळावे अशी विनंती त्यात होती आणि कारण म्हणून एकच वाक्य लिहिले होते: ‘येथे माझ्यावर नजर ठेवली जाते.’ पत्र जपानीत होते आणि अक्षर नेहमीसारखेच नेटके होते. त्या जुलैत नागपूरला आल्या होत्या, म्हणजे चार महिने पूर्ण झाले होते आणि 11 महिन्यांच्या करारातील सात महिने शिल्लक होते. शंकरनगर चौकाजवळच्या या वर्गाचे संयोजन माझ्याकडे असल्याने चौकशी मलाच करावी लागली. ती करताना जे हाती आले ते येथे क्रमाने मांडत आहे. कोणाचेही नाव दिलेले नाही.

घर आणि कागदपत्रे

सुभाषनगरच्या एका जुन्या ले-आउटमध्ये आम्ही त्यांच्यासाठी वरचा माळा किरायाने घेतला होता. दोन खोल्या, स्वयंपाकघर, समोर गच्चीचा तुकडा आणि बाहेरून उतरणारा जिना असे ते घर आहे. जिन्याचा मुद्दाम उल्लेख करते, कारण तो घरमालकीण काकूंच्या ओट्याला लागून उतरतो. तेथून फाटकाकडे वळताना तळमजल्यावरच्या किरायदारांचे दार लागते आणि फाटक उघडले की समोरच्या घरातील आजींची खुर्ची. मेट्रो गाठायची तर ही तीन ठाणी ओलांडल्याशिवाय इलाज नाही.

कागदपत्रांत आम्ही कसूर केली नव्हती. नोकरीच्या व्हिसासाठी परदेशी व्यक्तीला वर्षाला ठरावीक किमान पगार असावा लागतो, मात्र इंग्रजीखेरीज इतर परकीय भाषा शिकवणाऱ्यांना या अटीतून सूट आहे. ही सूट नसती तर आमच्यासारख्या लहान वर्गाला परदेशी शिक्षक परवडलाच नसता. (गल्लीची समजूत अर्थातच उलटी होती: परदेशातून आलेली बाई म्हणजे बक्कळ पगार.) त्या वेळच्या नियमाप्रमाणे परदेशी पाहुणा घरात आल्यापासून 24 तासांच्या आत घरमालकाने ‘फॉर्म सी’ भरायचा असे आणि 180 दिवसांहून अधिक मुदतीचा व्हिसा असेल तर त्या व्यक्तीने 14 दिवसांत नोंदणी करायची असे. काकूंना संगणकाची सवय नसल्याने फॉर्म मीच त्यांच्याशेजारी बसून भरला. घराचा करारही रीतसर नोंदवला. 11 महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही असे पुष्कळ घरमालक मानतात, परंतु 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, मग मुदत कितीही असो. पडताळणीसाठी हवालदार घरी येऊन गेले, ते सगळ्या गल्लीने पाहिले, आणि शिक्षिकेची पहिली ओळख झाली ती ‘जिच्यासाठी पोलीस आले होते ती मॅडम’ अशी.

कसूर झाली ती दुसरीकडे. कागदांची फाइल बोटभर जाड झाली असताना गल्लीविषयी आम्ही त्यांना अर्धे पान दिले होते: नळ केव्हा येतो, कचऱ्याची गाडी केव्हा येते आणि भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागायची असेल तर ‘सांबार’ म्हणावे.

गल्लीशी ओळख करून घेण्याचे त्यांनी स्वतः मनावर घेतले होते. नव्या घरी राहायला गेल्यावर समोरची तीन आणि दोन्ही बाजूंची दोन अशा घरी लहानशी भेट घेऊन जाण्याची जपानमध्ये जुनी रीत आहे. एडो काळात सोबाच्या शेवया देत, आता टॉवेल किंवा साबण चालतो, आणि मोठ्या शहरांतील इमारतींतून तर ही रीतच विरळ होत चालली आहे. शिक्षिकेने मात्र तिकडून निघतानाच पाच सुती हातपुसणी आणली होती, निळी, त्यांवर लाटांची नक्षी. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही दारी जाऊन त्यांनी ती दोन्ही हातांनी दिली आणि कमरेत वाकून नमस्कार केला. काकूंनी ते वापरायला काढले नाही. इतक्या चांगल्या कापडाला हात कसा पुसायचा म्हणून त्यांनी ते फ्रिजवर पसरले आणि त्यावर गणपती ठेवला.

प्रश्नांची वही

नागपुरात जपानी माणूस म्हटले की लोकांना दीक्षाभूमी, मूळचे जपानी असलेले भिक्खू भदंत सुरई ससाई आणि कामठीचे ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर आठवते, त्यामुळे पहिले दोन आठवडे ‘तुम्ही दीक्षाभूमीसाठी आल्या का?’ हाच प्रश्न होता. पुढे नेहमीचे प्रश्न सुरू झाले. शिक्षिकेने ते एका वहीत उतरवून ठेवले होते, प्रथम मराठी शिकण्यासाठी. एका दिवसाच्या नोंदी अशा आहेत: सकाळी सव्वासातला काकू, ‘कुठं चालल्या?’; त्याच मिनिटाला आजी, ‘आज लवकर?’; दुपारी काकू, ‘जेवण झालं?’; संध्याकाळी तळमजल्यावरच्या वहिनी, ‘काय आणलं पिशवीत?’, रात्री गच्चीवर कपडे काढताना पुन्हा काकू, ‘काय करून राहिल्या?’

या शेवटच्या वाक्याने त्यांना बरेच दिवस छळले. शब्दकोशात ‘राहणे’ म्हणजे वास्तव्य करणे, तेव्हा आपण येथे किती दिवस राहणार असे काकू रोज विचारतात, अशी त्यांची समजूत झाली होती. एकदा आजींनी ‘एकट्याच राहून राहिल्या का?’ असे विचारले, तेव्हा एकाच वाक्यात दोनदा राहणे कसे, म्हणून त्यांनी वहीत मोठे प्रश्नचिन्ह काढले. गंमत अशी की जपानीत ‘ताबेते इरु’ (खात आहे) याची बांधणी अगदी हीच आहे, ‘ताबेते’ म्हणजे खाऊन आणि ‘इरु’ म्हणजे असणे, राहणे. हा प्रयोग मी नागपूरच्या मुलांना ‘खाऊन राहिली’ एवढे म्हणून पाच मिनिटांत शिकवते. पुण्याकडच्या विद्यार्थ्याला त्यासाठी अर्धा तास द्यावा लागतो. शिक्षिकेला हे साम्य सांगण्याचे मात्र माझ्या डोक्यात आले नाही, कारण त्यांना मराठीची अडचण आहे हेच मला ठाऊक नव्हते.

प्रश्न आला की त्या त्याचे खरे आणि पूर्ण उत्तर देत. ‘कुठं चालल्या?’ म्हटल्यावर थांबून, शब्द जुळवून सांगत: प्रथम बँकेत, नंतर वर्गात, सहा वाजता परत. पिशवीत काय आहे असे कोणी विचारले की पिशवी उघडून दाखवत. वडीलधाऱ्या माणसाने विचारल्यावर उडवाउडवीचे उत्तर देणे त्यांना उद्धटपणाचे वाटे. खाण्याच्या देवघेवीतही तसेच. जुलैत काकूंनी पाटोडीची भाजी वाटीभर वर पाठवली, तेव्हा त्याच संध्याकाळी वाटी धुऊन, पुसून, तीत बिस्किटांचा पुडा घालून परत आली. मिळालेल्या भेटीची परतफेड करणे, ज्याला ‘ओकाएशी’ म्हणतात, हा जपानमधील साधा शिष्टाचार आहे, आणि भांडे रिकामे परत देऊ नये हा आपलाही. परंतु आपल्याकडे वाटी परत जायला घाई नसते. ती चार दिवस ओट्यावर दिसते, मग कधी तरी तीत चिवडा जातो. काकू म्हणाल्या, ‘काहून एवढी घाई? आमचं देणं घरात ठेवाचं नव्हतं का?’ प्रश्नाचेही शिक्षिका वाटीसारखेच करत होत्या: आला की त्याच दिवशी, स्वच्छ करून, पुरेपूर परत.

किरायाचा आकडा

ऑगस्टमध्ये तळमजल्यावरच्या वहिनींनी जिन्याखाली सहज विचारले, ‘मॅडम, किराया किती देता?’ शिक्षिकेने सांगितले, साडेनऊ हजार. वहिनींचे कुटुंब त्याच घरात चौथे वर्ष राहत होते, खोल्या तेवढ्याच, गच्ची नाही, आणि दर 11 महिन्यांनी वाढत वाढत त्यांचा किराया 11 हजारांवर गेला होता. त्याच रात्री वहिनी आणि काकू यांच्यात मोठे भांडण झाले. वर आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, पण ‘मॅडम’ हा शब्द कितीदा तरी ऐकू आला, असे वहीत नोंदलेले आहे.

आकडा कमी का होता, याचे कारण सरळ होते. एक शिक्षिका गेली की दुसरी येईल, तीन वर्षे माळा रिकामा राहणार नाही आणि पैसे दर महिन्याच्या पाच तारखेला बँकेतून जमा होतील, असे आम्ही काकूंना सांगितले होते. त्या हमीच्या बदल्यात त्यांनी दीड हजार सोडले. हा व्यवहार वहिनींना माहीत नव्हता आणि शिक्षिकेलाही नव्हता. दुसऱ्या दिवशी काकूंनी शिक्षिकेला जिन्यात गाठून एवढेच म्हटले, ‘मॅडम, घरातली गोष्ट बाहेर सांगाची नसते.’ त्यावर शिक्षिका वाकल्या, क्षमा मागितली आणि वर गेल्या.

त्या दिवसापासून त्यांनी उत्तरे देणे बंद केले. बाहेर पडण्याआधी दाराआड उभे राहून ओटा रिकामा होण्याची वाट पाहायची, मग भराभर उतरून मान खाली घालून फाटक गाठायचे, असा क्रम सुरू झाला. ऑगस्टअखेरीस त्या वर्गाला दहा-बारा मिनिटे उशिरा येऊ लागल्या. एरवी घड्याळ लावून घ्यावे अशी ही बाई. मी कारण विचारले तेव्हा ‘क्षमा करा, पुन्हा होणार नाही’ असे उत्तर मिळाले आणि मी तेवढ्यावर समाधान मानले. या प्रकरणात मी स्वतःला दोष देते तो येथे.

तान्हा पोळा

गल्लीचे मन खरे दुखावले ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी नागपुरात इतवारी-महालकडे मारबतींची मिरवणूक असते आणि घरोघरी तान्हा पोळा. मुले नटून, सजवलेले लाकडी बैल घेऊन दारोदार जातात आणि प्रत्येक घरी त्यांच्या हातावर खाऊ किंवा पैसे ठेवतात. त्याला बोजारा म्हणतात. विदर्भाबाहेरच्या वाचकाला याचे वजन कळावे म्हणून सांगते की, त्या संध्याकाळी कट्टर भांडण असलेल्या घरीही मुलाला बोजारा मिळतोच.

संध्याकाळी सात-आठ मुले जिना चढून वर गेली. आत दिवा होता. त्यांनी कडी वाजवली, हाका मारल्या, बराच वेळ थांबली. दार उघडले नाही. आपल्याला आता कोणी तरी तक्रार करण्यासाठी बोलावत आहे, असे शिक्षिकेला वाटले. मुलांचे आवाज ऐकूनही उघडण्याचे धैर्य झाले नाही, हे त्यांनी मला पुढे सांगितले. उतरताना एका लहान मुलाच्या हातून बैल निसटला, पायऱ्यांवरून गडगडत खाली गेला आणि त्याचे एक शिंग मोडले. रडणे सगळ्यांनी ऐकले. आजी खुर्चीतून म्हणाल्या, ‘पोरं रिकामीच वापस आली,’ आणि हे वाक्य आठवडाभर गल्लीत फिरत राहिले. यानंतर शिक्षिकेला कोणी काही विचारेनासे झाले. ओट्यावर बसलेली माणसे त्या दिसल्या की बोलणे थांबवत आणि त्या फाटकाबाहेर गेल्या की पुन्हा सुरू करत. पत्रातील ‘नजर’ ती हीच. प्रश्न विचारले जात होते तेव्हा त्यांना जेवढी पाळत वाटली नव्हती, तेवढी ते थांबल्यावर वाटू लागली.

लाल पेन

पत्र मिळाल्यावर मी त्यांना रविवारी वर्गात बोलावले. त्यांनी वही पुढे ठेवली. प्रत्येक मराठी प्रश्नाखाली जपानी भाषांतर होते. ‘कुठं चालल्या?’च्या खाली लिहिले होते, ‘दोको ए इकिमास का’, म्हणजे आपण कोठे जाता. चूक नाही, पहिल्या सत्राच्या विद्यार्थ्यानेही हेच लिहिले असते.

ऑगस्टमध्ये, म्हणजे हे सगळे घडत असतानाच, त्यांनी माझ्यासमोर वर्गात शेजाऱ्यांमधील संवादाचा पाठ घेतला होता. घराबाहेर पडणाऱ्याला शेजारी म्हणतो, ‘ओदेकाके देस का’, बाहेर निघालात का; आणि उत्तर ठरलेले असते, ‘चोत्तो सोको मादे’, हे इथवरच, जरा. एका मुलाने विचारले होते की टोकियोला जात असलो तरी इथवरच म्हणायचे का, आणि शिक्षिका हसून म्हणाल्या होत्या की हो, शेजाऱ्याला पत्ता नको असतो, त्याने तुम्हाला पाहिले एवढेच तो सांगत असतो. मी वहीतील त्यांच्या भाषांतराखाली पेन्सिलीने ‘ओदेकाके देस का’ असे लिहिले आणि वही त्यांच्याकडे वळवली.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की हे वाक्य त्या शिकवतात खऱ्या, पण त्यांना स्वतःला ते गेल्या कित्येक वर्षांत कोणी म्हटलेले नाही. त्यांच्या आजीच्या गल्लीत म्हणत. त्यांच्या इमारतीत शेजारच्या दाराआड कोण राहते हेही त्यांना माहीत नव्हते. एवढे बोलून त्यांनी टेबलावरचा लाल पेन उचलला, वहीचे पहिले पान काढले आणि विद्यार्थ्यांच्या वह्या तपासतात तशी एकेक ओळ दुरुस्त करायला घेतली. ‘जेवण झालं?’पाशी थांबून त्यांनी मला विचारले की याला ‘हो’ म्हणायचे का, जेवण झाले नसले तरी. मी म्हटले, हो, नाही तर ताट येईल.

‘किराया किती देता?’ या ओळीवर पेन थांबला. हाही नमस्कारच का, असे त्यांनी विचारले, आणि मला नाही म्हणावे लागले. परदेशी माणसाला आपल्या चालीरीती समजावताना सगळ्याच चौकशीला आपुलकी म्हणून खपवण्याची आपल्याला सवय आहे. वहिनींचा प्रश्न माहितीसाठीच होता, त्या माहितीचा उपयोगही त्यांनी केला, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही केला असता. परंतु त्याचा भार एका नवख्या बाईवर पडला. पगार, किराया, लग्न का नाही केले, हे प्रश्न आपल्याकडेही सगळ्यांना आवडतात असे नाही. फरक इतकाच की ते टोलवायचे कसे हे आपण लहानपणापासून पाहिलेले असते. हे शिकवणारा धडा ना त्यांच्या पुस्तकात होता, ना आमच्या अर्ध्या पानात.

काकूंकडे मी वेगळी गेले. फ्रिजवरच्या निळ्या कापडाची हकीकत तेव्हाच कळली. पोलिसांची ये-जा, दीड हजारांचे नुकसान, वर वहिनींचे बोल ऐकून घ्यावे लागणे, हे सगळे त्यांनी पोटतिडकीने सांगितले, पण सल होता तो वाटीचा. प्रश्नांविषयी बोलणे निघाले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘ताई, आमी विचारतो ते काही माहिती काढाले नाही जी. पोरगी दारातून जाऊन राहिली आन् आपण तोंड फिरवाचं, हे बरं दिसते का?’ किरायाविषयी कोणी विचारले तर मॅडमनी ‘मला माहीत नाही’ म्हणावे, अशी त्यांची सूचना होती. शिक्षिकेने ती नाकारली, कारण आकडा त्यांना माहीत होता. शेवटी ‘ते संस्था बघते’ या वाक्यावर दोघींचे जमले, आणि ते खरेही होते.

पुढचे थोडक्यात. शिक्षिकेने विनंती मागे घेतली आणि करार संपेपर्यंत त्या तेथेच राहिल्या. वहिनींचा किराया काकूंनी पुढच्या करारात वाढवला नाही, परंतु कमीही केला नाही, आणि त्या दोघी अजून एका ओट्यावर बसत नाहीत. बैलाचे मोडलेले शिंग शिक्षिकेला दुसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर सापडले होते. कोणाचे ते विचारण्याची सोय नसल्याने त्यांनी ते पाकिटात घालून, पाकिटावर तारीख लिहून ठेवले होते. ते त्यांनी मुलाच्या घरी नेऊन दिले, सोबत बोजाऱ्याचे 51 रुपये. तोवर त्याच्या वडिलांनी आइस्क्रीमची काडी तासून फेव्हिकॉलने नवे शिंग लावले होते, त्यामुळे जुने शिंग तो आता नुसतेच खिशात घेऊन फिरतो.

पुढच्या शिक्षकासाठी आम्ही अर्ध्या पानाचे चार पानांचे टिपण केले आहे. ते शिक्षिकेने जपानीत लिहिले आणि मराठीत वाचून दाखवण्यासाठी आम्ही काकूंना वर बोलावले. त्यांनी फारसे काही बदलले नाही. वाटी किती दिवसांनी परत करावी, एवढ्या एका मुद्द्यावर एकमत होईना. काकूंनी आठ दिवस सांगितले, शिक्षिकेने दोन लिहिले. टिपणात आम्ही चार ठेवले आहेत.